जुन्या यंत्रांचा जीर्णोद्धार



नाणें टाकून खेळावयाच्या व्हिडिओ-खेळांच्या उभ्या यंत्रांनीं एके काळीं मुलांना अक्षरशः वेड लावलें होतें. जपानच्या नाम्को कंपनीचा 'पॅक-मॅन' १९८० सालीं आला आणि जगभर पसरला. आज असें एखादें यंत्र मोडकळीस आलेल्या स्थितींत हातीं लागलें, कीं घरांत वाद सुरू होतो : निष्णात कारागिराला पैसे मोजून तें चालतें करावें, कीं आहे तसेंच ठेवावें? प्रश्न हौसेचा दिसतो. परंतु ठाणें-कल्याणच्या रहिवाशांस त्याचें उत्तर आपल्या रुळांवरच शोधतां येईल.

१६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीन वाजतां, एकवीस तोफांच्या सलामींत, बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास निघाली. चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, आणि गाडी ओढावयास साहिब, सिंध व सुलतान हीं तीन इंजिनें. पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणला पोहोंचले. त्या स्थानकांच्या कथा आपण कौतुकानें सांगतों. पण त्या तिघांपैकीं एकही इंजिन आज दाखवावयास उरलेलें नाहीं. थकलेलें इंजिन म्हणजे मोडीचें लोखंड, हाच तेव्हांचा व्यवहार. इतिहासानें उपयोगी वस्तूंचा असा हिशेब नेहमींच उशिरा मांडला आहे.

ठाण्याच्या इंजिनांस जें लाभलें नाहीं, तें ईस्ट इंडियन रेल्वेच्या 'फेअरी क्वीन'ला लाभलें. १८५५ सालीं लीड्स येथें बांधलेलें हें इंजिन १९०९ मध्यें निवृत्त झालें, आणि १९९७ सालीं दिल्लीहून अलवारकडे पुन्हां धावूं लागलें. वाफेच्या इंजिनास पाणी, कोळसा आणि रूळ मिळाले, म्हणजे त्याचें जग त्याला परत मिळतें. मात्र दाबाखालील बॉयलर फुटला तर माणसें मरतात. येथें तज्ज्ञाच्या मोबदल्यांत काटकसर करणें हा निव्वळ अविचार होय.

आतां दुसरें उदाहरण पाहा. कल्याणपुढें बोरघाट व थळघाट चढण्यासाठीं १९२८ पासून विजेचीं इंजिनें आलीं. स्वित्झर्लंड व इंग्लंड येथें बांधलेलीं तीं एकूण एकेचाळीस होतीं. लोक त्यांना 'खेकडा' म्हणत. त्यांतील एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत आहे. तें चालत १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावरून तो प्रवाह २०१५ सालीं गेला; तारांत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. आज खेकड्याचा प्रत्येक खिळा नवा केला, तरी कल्याणास तो धांवणार नाहीं. त्याचें जतन म्हणजे रूपाचें जतन, गतीचें नव्हे.

हाच विवेक खेळयंत्रास लावावा. त्यांतील कंडेन्सर सुकतात, ते बदलणें अवघड नाहीं. परंतु काचेची चित्रनळी व मूळ विद्युत्पट हाच त्याचा प्राण. तशा मोठ्या नळ्या आतां सहसा बनत नाहींत. हे दोन्ही शाबूत असतील, तर तज्ज्ञावर केलेला खर्च सार्थकीं लागेल. नळीवर वीज तोडल्यानंतरही घातक भार राहूं शकतो, म्हणून तेथें घरगुती हातचलाखी नको. उलट प्राणच गेला असेल, आणि आंत नवा सपाट पडदा बसवून जीर्णोद्धाराचें देयक कोणी हातीं ठेवीत असेल, तर सुताराकडून लाकडी पेटी नीट करून घ्यावी व तेवढ्यावर समाधान मानावें. काढलेला मूळ भाग मात्र टाकूं नये.

साहिब, सिंध, सुलतान यांच्या बाबतींत निवड करण्याची वेळच आपल्यावर आली नाहीं. ती दुसऱ्या कोणीतरी, न विचारतां, केली. घरांतील यंत्राच्या बाबतींत ती वेळ अजून गेलेली नाहीं.