गोकुळ दूध संघ
गोकुळ दूध संघ : कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगावच्या दूध संस्थांचा सहकारी महासंघ; अधिकृत नाव कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ. स्थापना १६ मार्च १९६३. पुढे दुग्धमहापूर योजनेच्या (पहा : धवलक्रांती) काळात त्याचा विस्तार झाला. मुख्य प्रकल्प गोकुळ शिरगाव येथे. गावातील प्राथमिक संस्था सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करते. स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ तपासून गाय आणि म्हैस यांच्या दुधाचे दर वेगवेगळे ठरतात. शीतकरण, प्रक्रिया व विक्री संघाकडे असते. म्हशीचे दूध ही त्याची खरी ओळख. तूप, लोणी, श्रीखंड, दही, ताक, पनीर ही अन्य उत्पादने; ‘महालक्ष्मी’ पशुखाद्यही संघ बनवतो. मुंबई व पुणे या प्रमुख बाजारपेठा (पहा : सहकारी चळवळ, वारणा).