धर्म, रिलिजन आणि उपडा ग्लास

मी काही इतिहासाचा माणूस नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि सध्या बर्मिंगहॅमजवळ एका क्लायंटचे डेटाबेस सांभाळतो. पण दोन वर्षांपूर्वी टीममधल्या एका सरदार मित्राच्या लग्नाला गेलो आणि तिथून एक प्रश्न डोक्यात घेऊन आलो, तो अजून गेलेला नाही.

सकाळी गुरुद्वारात आनंद कारज झालं. डोक्यावर रुमाल, अनवाणी पाय, सगळे खाली मांडी घालून बसलेले, नंतर पंगतीत लंगर. संध्याकाळी हॉलमध्ये तीच मंडळी, आणि प्रत्येक टेबलाच्या मधोमध व्हिस्कीची अख्खी बाटली. आपल्याकडे पाण्याचा जग ठेवतात ना, तशी! नवऱ्या मुलाचे वडील मात्र आपला ग्लास उपडा घालून बसले होते. मी जरा आगाऊपणानेच विचारलं, "अंकलजी, शीख रिलिजनमध्ये ड्रिंक्स चालतात का?"

ते हसले. म्हणाले, "बेटा, रिलिजन का पूछ रहे हो या धरम का?"

मला वाटलं, शब्दांचा खेळ करताहेत. घरी येऊन वाचायला लागलो, तेव्हा कळलं की या प्रश्नामागे बराच मोठा इतिहास आहे.

गुरू नानकांचा जन्म 1469 चा. त्यांच्या अनुयायांचे शब्द म्हणजे सिखी आणि पंथ. शीख म्हणजे शिष्य, शिकणारा. सुरुवातीच्या काळात जिथे संगत जमायची त्या जागेला धर्मसाल म्हणत, गुरुद्वारा हे नाव नंतर रुळलं. रोज पहाटे म्हटल्या जाणाऱ्या जपुजीत पाच खंड सांगितले आहेत, त्यातला पहिला धरम खंड. तिथे धरम म्हणजे फॉर्मवर टिक करायचा रकाना नव्हे. या पृथ्वीवर आलास, आता तुझ्या वाट्याचं नीट वाग, आणि त्याचा हिशोब होणार आहे, असा तो अर्थ.

रकाना आला तो इंग्रजांबरोबर. 1849 मध्ये पंजाब त्यांच्या ताब्यात गेला. मग जनगणना आली, पलटणींची भरती आली. साहेबाला एका ओळीत उत्तर हवं असे : शीख कोण? 1896 मध्ये फाल्कन नावाच्या अधिकाऱ्याने तर पलटणीच्या साहेबांसाठी शिखांवर एक हँडबुकच लिहिलं. (रिक्वायरमेंट डॉक्युमेंटच म्हणा ना!) केस राखलेला, खालसाची दीक्षा घेतलेला शीखच सैन्याला हवा असे.

याचा अर्थ शीख वेगळे नव्हतेच, इंग्रजांनी त्यांना वेगळं केलं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्यातले काही लोक जेवणाच्या टेबलावर हे बिनधास्त बोलतात, ते चूक आहे. खालसा 1699 चा आहे, साहेबाच्या कितीतरी आधीचा. पण 'तुमचा रिलिजन कोणता' या प्रश्नाला त्याच भाषेत उत्तर देणं आता भाग पडलं. 1873 मध्ये अमृतसरला सिंह सभा निघाली, 1898 मध्ये काहनसिंग नाभा यांचं 'हम हिंदू नहीं' आलं, 1909 मध्ये आनंद विवाहाचा कायदा झाला. 1925 च्या गुरुद्वारा कायद्यात तर शिखाने करायचं प्रतिज्ञापत्रच आहे : गुरू ग्रंथसाहिब मानतो, दहा गुरू मानतो, आणि माझा दुसरा धर्म नाही.

मग दारू कुठे बसते? नियमात आहेच. 1945 मध्ये मंजूर झालेल्या रहत मर्यादेत नशेच्या सगळ्या गोष्टी वर्ज्य आहेत. पण गंमत बघा. केस कापणं, कुठा मांस, व्यभिचार आणि तंबाखू या चार मोठ्या चुका, म्हणजे कुरहिती. त्यातली एकही घडली तर पुन्हा अमृत घ्यावं लागतं. दारूचा समावेश या चारांत नाही. दारू पिणारा तनखाहिया, म्हणजे संगतीपुढे चूक कबूल करून सांगतील ती सेवा करायची. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीच्या निवडणुकीत मात्र कायदा कडक आहे. दारू पिणाऱ्याला मतदार म्हणून नावसुद्धा नोंदवता येत नाही.

आणि व्यवहार? सिगारेट ओढणारा सरदार मी आजवर पाहिलेला नाही. दारूचं तसं नाही. महाराजा रणजितसिंगांच्या दारूचं वर्णन 1838 मध्ये लाहोर दरबारी आलेल्या इंग्रज पाहुण्यांनी थक्क होऊन केलं आहे. पुढे पलटणीत रम आली, आणि पतियाळाच्या नावाने तर पेगच निघाला.

इंग्लंडमध्ये या गोष्टीला आणखी एक वळण मिळालं, ते मला ठाऊकच नव्हतं. स्मेदिक माझ्या ऑफिसपासून गाडीने वीस मिनिटं. 1950-60 च्या दशकांत पंजाबी माणसं तिथल्या फाउंड्रीत, भट्टीसमोर कामाला लागली. पाळी सुटली की गोऱ्यांबरोबर तीही पबमध्ये जात, पण कित्येक पबमध्ये चांगल्या खोलीत त्यांना प्रवेश नसे. या कलर बारविरुद्ध इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल लढले. 12 फेब्रुवारी 1965 ला माल्कम एक्स स्मेदिकला आले, तेव्हा जोहल त्यांना ब्लू गेट्स नावाच्या पबमध्ये घेऊन गेले आणि तिथे हाच अनुभव आला. माल्कम एक्स मुसलमान, स्वतः दारूला न शिवणारे! नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा आला. म्हणजे धरमाने जे वर्ज्य, तेच मागणं इथे माणुसकीचा हक्क ठरलं. मी हे वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

पगडीची कथा तर विचारूच नका. 1976 मध्ये मोटारसायकलच्या हेल्मेटमधून शिखांना सूट मिळाली, ती धार्मिक म्हणून. बर्मिंगहॅमच्या एका शाळेने पगडीवाल्या मुलाला प्रवेश नाकारला, ते भांडण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. तेव्हाच्या कायद्यात वंशाला संरक्षण होतं, धर्माला नव्हतं. 1983 मध्ये निकाल लागला की शीख हा एक वांशिक गट आहे. पगडी तीच, पण एका कायद्यात धर्म आणि दुसऱ्यात वंश! आमच्या भाषेत सांगायचं तर एकच रेकॉर्ड दोन टेबलांत.

केस, पगडी, कृपाण या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. त्यांच्यासाठी कोर्टात जाता येतं, मोर्चा काढता येतो, जिंकता येतं. ग्लास भरायचा की उपडा घालायचा यासाठी कुठल्या कोर्टात जाणार? तो भाग घरच्यांच्या वाट्याला येतो. 2018 मध्ये बीबीसीने केलेल्या पाहणीत 27 टक्के ब्रिटिश शिखांनी सांगितलं, की आमच्या कुटुंबात कुणाला तरी दारूचा त्रास आहे.

मागच्या बैसाखीला अंकलजींकडे जेवायला गेलो होतो. त्यांचे थोरले भाऊ फाउंड्रीतच होते. पगडी शेवटपर्यंत नीट बांधायचे, गुरुद्वारात दर रविवारी हजर. लिव्हर गेलं तेव्हा वय छप्पन्न. "कुणी त्यांना कधी म्हटलं नाही की तुम्ही शीख नाही," अंकलजी म्हणाले. "कुणी हेही म्हटलं नाही, की वीरजी, आता बस करा. मीसुद्धा नाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तुम्ही तर नामदेवजींच्या मुलखातले, तुमच्याकडे काय आहे? नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे मराठी माणूस म्हटला की त्यांना पहिले तेच आठवतात. मी माझ्या आजोबांचं सांगितलं. ते माळकरी होते. 'माळ घातली' एवढंच म्हणायचे, मग दारू नाही, मटण नाही, वर्षाची वारी चुकवायची नाही. जनगणनेच्या माणसाला धर्म सांगताना ते हिंदू लिहायला लावत, माळेचा उल्लेख करत नसत.

"और तुम?" अंकलजींनी विचारलं.

मी आमच्या दिवाळी पार्टीच्या कमिटीवर आहे आणि बारचं कंत्राट माझ्याकडेच असतं, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आंटीजींनी लस्सी आणली.