रेव्हरंड टिळकांचा संन्यास

आमच्या पारनेर गावी १९१४ साली लोकांना विचित्र वाटावा असा एक प्रकार नित्य घडू लागला. विलायतेस जाऊन आलेला एक विद्वान गृहस्थ पहाटे उठून गावचे रस्ते झाडीत असे. हे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढे ज्यांना अवघा महाराष्ट्र सेनापती म्हणू लागला ते. त्यांच्या मुलाच्या बारशाला पहिली पंगत अस्पृश्यांची बसली. ही हकीकत आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे. परंतु त्याच दशकात, येथून चाळीसेक किलोमीटरवर नगर शहरी, दुसरा एक माणूस स्वतःचे सर्वस्व सोडून देण्याच्या विचारात होता. त्याचे स्मरण या तालुक्यात फारसे कोणी करीत नाही. ख्रिस्ती मंडळी मात्र दर रविवारी त्याचीच पदे गातात.

ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्यांशी त्यांची गल्लत करू नये. हे 'फुलामुलांचे कवी'. जन्म १८६१ चा. १८९३ च्या सुमारास नाशिकहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचा संवाद झाला. त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून तो निघून गेला. त्याचे नाव टिळकांना पुढेही कळले नाही. डोंगरावरील प्रवचन वाचता वाचता टिळक त्या पुस्तकात गुंतले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपल्या दानाचे काय झाले हे पाहण्यासाठीही जो मागे थांबला नाही, त्या अनामिक दात्याचे मला फार कौतुक वाटते.

त्या काळी ख्रिस्ती झालेल्या माणसावर एक आळ ठरलेला असे: हा पोटासाठी बाटला. नगर जिल्हा दुष्काळी. आमचे पारनेर तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले, बाजरीवर जगणारे. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी येथली माणसे अन्नान्न करून सोडली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरात ठाण मांडलेले. उपाशी माणसाला तेथे धान्य आणि काम मिळे, अनाथ मुलांना आसरा मिळे. म्हणून जो कोणी त्या वाटेने गेला त्याची श्रद्धा लोक ज्वारीच्या मापाने मोजू लागले. टिळकांसारख्या चित्पावनाच्या बाबतीत हा हिशेब जुळणारा नव्हता, कारण त्यांनी मिळविले त्याहून गमावले अधिक. आप्त तुटले, आणि पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे दूर राहिल्या. तरीसुद्धा नगरच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवणे असो की 'ज्ञानोदया'चे संपादन असो, त्यांची भाकर मिशनच्या पगाराची होती. पगारी उपदेशकाचा शब्द ऐकणारा त्याला पगाराचाच शब्द समजतो, ही अडचण त्यांना डाचत होती.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यास घेतला. वयाची ५५ वर्षे उलटलेली होती. श्रोतेहो, मी स्वतः जन्मभर महिन्याच्या पहिल्या तारखेची वाट पाहिलेला शाळामास्तर आहे. निवृत्तिवेतनाचा कागद मंजूर होऊन हाती पडेपर्यंत मला रात्री नीट झोप लागत नव्हती, हे सांगायला आता लाज वाटत नाही. त्यामुळे त्या वयात चालता पगार आपल्या हाताने बंद करणे म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

परंतु पैसा सोडणे ही त्या संन्यासातली सोपी बाजू होती, असे मला वाटते. पैशाची हौस त्यांना मुळातच नव्हती. हाती आलेले पुढच्या गरजवंताला देऊन टाकायचे हा त्यांचा स्वभावच. कठीण होते ते आणखी एक सोडणे. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्याइतकीच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा दिली. धर्मप्रसारकाला आपल्या मंडळीची नोंदवही भरलेली पाहण्याची फार ओढ असते, आणि ही ओढ देवाच्या नावाने येत असल्यामुळे तिला कोणी स्वार्थ म्हणत नाही. टिळकांनी तीही टाकली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्यांसाठी वेस बंद करणे जमले नसावे.

आता लक्ष्मीबाईंकडे वळतो, कारण त्यांच्यावाचून ही गोष्ट खोटी ठरेल. संन्याशाला संसार नसतो. त्याच्या पत्नीला तो असतो. टिळकांनी उदार व्हायचे आणि चुलीची चिंता लक्ष्मीबाईंनी वाहायची, हा त्या घरचा जुना क्रम. '१९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनी हे सारे हसत हसत लिहिले आहे. वाचताना आपणही हसतो, आणि मग घरात उद्याचे दाणे आहेत की नाहीत या विवंचनेतल्या बाईचा चेहरा डोळ्यांसमोर उभा राहतो. पतीकडे परतल्यावरही त्यांनी सोवळेओवळे कटाक्षाने पाळले होते. ते सुटले ते कोणी सांगितले म्हणून नव्हे. माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे हे त्यांचे त्यांना उमगले म्हणून. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने पगार सोडला त्याची हकीकत लोक सांगतात. बायकोने जन्माने मिळालेले उच्चपण सोडले, त्याला मी कमी मानीत नाही. पगार गेला तर भाकरीची भ्रांत पडते. सोवळे गेले तर जुन्या माणसाला आपण कोण हेच कळेनासे होते.

एकाच्या औदार्याची किंमत दुसऱ्याने मोजावी काय, हा प्रश्न मी अनेकदा मनाशी घोळवला. सेनापतींच्या घरीही तो उभा राहिलाच असेल. टिळकांना मी दोष देत नाही. पण त्यांच्या चरित्रात लक्ष्मीबाईंना एखाद्या परिच्छेदात गुंडाळणाऱ्यांना मात्र देतो.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले. संन्यासाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. मालमत्ता म्हणावी असे काही मागे नव्हते. होते एक अपुरे काव्य, 'ख्रिस्तायन', जेमतेम दहा-अकरा अध्यायांचे. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते आणि लग्नानंतर नवऱ्याकडूनच अक्षरे गिरवली होती, तिने ते हाती घेतले आणि पुढचे ६४ अध्याय स्वतः रचून पुरे केले.