कान वाजतात तेव्हा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण? कीबोर्डची टकटक. हसू नका, खरंच सांगतोय.

दोन वर्षांपासून माझ्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजते. ती नुसती वाजली असती तर सवय झाली असती. पण ती बाहेरच्या आवाजाशी स्पर्धा करते. पंखा लावला की चढते, नळ सोडला की नळाबरोबर वाढते, मिक्सर बंद झाला तरी तासभर उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, "रात्री पंखा लावून झोपा, त्या आवाजात कानातला आवाज बुडून जाईल." बुडाला नाही, पोहायला लागला!

मग हा सल्ला मुळात आला कुठून, ते शोधत बसलो. तो निघाला फार जुना. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'प्रॉब्लेम्स' या ग्रंथातच प्रश्न आहे की, आपण आवाज केला की कानातली गुणगुण का थांबते? मोठा आवाज लहानाला हाकलतो म्हणून का? आपल्याकडे सुश्रुतानं कानाचे २८ रोग सांगितले, त्यात 'कर्णनाद' आहे. भेरी, मृदंग, शंख यांसारखे नाद कानात ऐकू येतात, असं त्याचं लक्षण.

पुढे पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतला डॉक्टर इटार. १८२१ साली त्यानं कानाच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा उपाय म्हणजे कानातल्या आवाजासारखाच आवाज बाहेर करायचा. कुणाला ओलसर लाकडं जाळून त्याच्या तडतडीपाशी बसवायचं, कुणाजवळ तांब्याच्या भांड्यात पाण्याची धार सोडायची. त्यानंतर दीडशे वर्षांनी अमेरिकेत, पोर्टलंडमध्ये, कान वाजणाऱ्या एका डॉक्टरला शहरातल्या कारंज्याशेजारी उभं राहिल्यावर बरं वाटलं. त्याच्या सोबत असलेल्या जॅक व्हर्नन या शास्त्रज्ञानं त्यावरून कानात घालायची आवाजाची यंत्रं करवून घेतली. म्हणजे अडीच हजार वर्षं एकच तत्त्व, आवाजानं आवाज झाकायचा. कित्येकांना त्याचा उपयोग होतोही.

पण माझ्यासारख्यांचं काय? या इतिहासात मला सोबती हवा होता. तो भेटला १८०१ सालच्या एका पत्रात. बीथोवननं आपल्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, लिहिलं होतं की कान रात्रंदिवस गुणगुणतात, हळू बोललेलं नीट कळत नाही, आणि कुणी ओरडलं तर मात्र सहन होत नाही. १८०९ मध्ये फ्रेंचांनी व्हिएन्नावर तोफा डागल्या तेव्हा तो भावाच्या तळघरात कानांवर उशा दाबून बसला होता, असं त्याच्या शिष्यानं, रीसनं, नोंदवलंय. त्याचं दुखणं हुबेहूब माझं नव्हे. पण आवाजाची भीती ओळखीची वाटली.

मग वाटलं, सरळ शांततेत राहावं. खिडक्या लावल्या, कानात बोळे घातले. तर शिट्टी आणखीच स्पष्ट! १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना कसले ना कसले आवाज ऐकू आले. बाहेरून काही येईना की मेंदू आतलंच मोठं करून ऐकतो, असं मानतात. माझ्या बोळ्यांनी तेच केलं होतं.

शेवटी यास्त्रेबॉफ सापडला. १९९० मध्ये त्यानं मांडलं की खरा त्रास नुसत्या कानाचा नाही, मेंदू त्या आवाजाला धोका समजतो त्याचा आहे. पुढे त्यानं आणि हेझलनं रुग्णांचे शून्य ते चार असे गट केले. चौथा गट कुणाचा? आवाजानंतर ज्यांचा त्रास वाढतो आणि बराच वेळ वाढलेलाच राहतो, त्यांचा. ते वाचून मी खुर्चीतून उठलोच. आपल्याला गट आहे! अशांनी आवाज झाकायचा नाही आणि पळायचंही नाही. अगदी हलक्या आवाजापासून सुरुवात करायची आणि फार सावकाश वाढवायचं.

आता खरी गोष्ट. माझ्या आजीला भर मे महिन्यात पंखा चालत नसे. "बंद करा रे, डोक्यात वाजतंय," म्हणायची. आम्ही घामाघूम, चिडलेलो. "आजी, तुझे कान वाजतात," म्हणून हसायचो. मराठीत 'कान वाजणं' म्हणजे नसलेलं ऐकू येणं. तिला मात्र असलेलंच ऐकू येत होतं. पुढे ती आपणहून आतल्या खोलीत, दार लावून बसायला लागली. आम्हाला वाटलं, म्हातारपण.

ताई, मामा, तुम्ही हे वाचत असाल तर आठवत असेल तुम्हाला.

सध्या माझा पंखा एक नंबरवर आहे. महिनाभरानं दोनवर न्यायचा विचार आहे. आजीसाठी एक नंबर कुणाला सुचलाच नाही. आम्ही तो पाचवर ठेवायचो, नाहीतर रागानं बंद करायचो.