शेअरांची तेजी व मुंबईकरांचा संसारखर्च

इ. स. १८६५ च्या मुंबईतील शेअरबाजाराच्या पडझडीची हकीकत बहुधा प्रेमचंद रायचंद यांच्या चरित्राच्या अनुषंगानें सांगितली जाते. सामान्य गृहस्थाच्या संसारखर्चावर तिचा परिणाम काय झाला, हा प्रश्न बाजूस राहतो. आम्हांस तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) कापसाचा भाव चढला, पैसा मुंबईंत लोटला व समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरास ५०,००० रुपयांपर्यंत किंमत आली. माणसांची दाटी होऊन जागा व भाडीं महागलीं. शेअर किंवा घर बाळगणारास हा चढ म्हणजे संपत्तीच वाटली व त्याचा हात सैल झाला. बिऱ्हाडकरूस तोच चढ दरमहा भाड्यांत जाचला. हा भेद विसरूं नये.

युद्ध संपतांच भाव कोसळले. १८६३ च्या कायद्यानें बँक ऑफ बाँबेस शेअरांच्या तारणावर कर्जें देण्याची मोकळीक मिळाली होती. तें तारणच निःसत्त्व झाल्यानें १८६८ त बँक बुडाली. भरावाचीं कामें थांबलीं तेव्हां मजुरी बुडाली ती ज्यांनीं शेअराचा कागदहि पाहिला नव्हता त्यांची!

मुंबईची वस्ती १८६४ च्या खानेसुमारींत ८,१६,५६२ होती. १८७२ त ती ६,४४,४०५ भरली. पहिला आंकडा तेजीच्या गर्दीचा असल्यानें सगळी घट मंदीच्या माथीं मारणें प्रशस्त नव्हे. तथापि पुष्कळांनीं खर्चास कात्री लावण्याऐवजीं बिऱ्हाडच हलविलें, असें आमचें अनुमान आहे. जुनीं दप्तरें धुंडाळणारांनीं पेढ्यांच्या खातेवह्यांबरोबर घरखर्चाच्या वह्याहि जपून ठेवाव्या.