केडगावची प्रार्थना

१८९६-९७च्या दुष्काळाने मध्य प्रांतात निराधार केलेल्या शेकडो मुली व विधवा पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर आश्रयास आणल्या. तेथील मुक्तिसदन या त्यांच्या आश्रमात १९०५च्या जानेवारीत, आध्यात्मिक नवजीवनासाठी नित्य एकत्र प्रार्थना करण्याचे आवाहन त्यांनी केले, तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनअखेर हा मेळा ५५०च्या घरात गेला आणि पश्चात्तापाचा उमाळा साऱ्या वसतीत उसळला. मला मात्र त्या उमाळ्याहून त्यामागील सहा महिन्यांचे सातत्य अधिक मोलाचे वाटते. कारण जेथे गुडघे टेकले जात, तेथेच धान्य दळले जाई, छापखान्यात खिळे जुळविले जात, आणि हिब्रू-ग्रीकवरून बायबल सुबोध मराठीत उतरविण्याचे रमाबाईंचे व्रत १९२२ साली देह ठेवीपर्यंत अखंड चालले.