टाळ्या, तिकिटं आणि टॅक्स

मदतनिधीसाठी कार्यक्रम ठरला की मी गायकाआधी सीए शोधते. कारण, १ ऑगस्ट १९७१. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात येत होते. रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. सुमारे ४० हजार श्रोते! (सतार नुसती जुळवली, तरी टाळ्या पडल्या.) तिकिटांचे जवळपास २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला पटकन मिळाले. अल्बम आणि सिनेमाच्या कमाईचा मोठा भाग मात्र करखात्याच्या कचाट्यात कित्येक वर्षं अडकला. करसवलतीची कागदपत्रं कार्यक्रमाआधी केलीच नव्हती. ते पैसे सुटेपर्यंत बांगलादेश स्वतंत्र होऊन बहुतेक निर्वासित कधीच घरी परतले होते.